पखवाज, घुमट, पेटी आणि एक गिटार : अरबी-ब्राझिली बाजाचं गाणं कोकणात कसं बसवायचं

या गाण्यासाठी लागणारी निम्मी वाद्यं गावातल्या भजनी मंडळाच्या खोलीत आधीच असतात. पखवाज, पेटी, टाळ आहेतच. गोव्यात किंवा सीमेलगतच्या सिंधुदुर्गात असाल तर एखादं घुमटही सापडेल. बाहेरून आणायची ती नायलॉन तारांची गिटार. लोखंडी त्रिकोण वेल्डिंगवाल्याकडून वाकवून घेता येतो. काम दिवाळीनंतर काढा. गणपतीत वादक मिळत नाहीत आणि पावसाळ्यात चामडं ऐकत नाही.

हे मिश्रण बिघडतं ते बहुधा दोनच जागी : पाचव्या मात्रेवर आणि कोमल रेवर. या दोन जागा नीट बसल्या की बाकीचं थोडं इकडंतिकडं झालेलं खपून जातं. म्हणून इथे त्या दोन जागांवरच जास्त वेळ घालवला आहे.

आधी ऐकायचं काय ते सांगतो. ब्राझीलमध्ये अरबी सूर दोन वाटांनी आला. जुनी वाट पोर्तुगाल-स्पेनमधून आलेली. 'आदुफे' हा पोर्तुगीज शब्द आणि आपला 'डफ' हे दोन्ही अरबी 'दफ्फ'चेच वंशज. नवी वाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सीरिया-लेबनानमधून गेलेल्या लोकांची. उस्मानी साम्राज्याचे कागद घेऊन उतरले म्हणून तिकडे त्यांना सरसकट 'तुर्को' म्हणत. त्यांच्यातले बरेच जण पाठीवर कापडाचं गाठोडं टाकून दारोदार फिरले. अशा फेरीवाल्याला ब्राझीलमध्ये 'मास्काते' म्हणतात आणि तो शब्द मस्कतवरून आलाय. कोकणातल्या बंदरांना मस्कत काही नवं नाही, तेव्हा शब्द ओळखीचा वाटायला हरकत नाही.

या लोकांच्या पुढच्या पिढ्यांतून मोठे गायक-गीतकार झाले. साओ पाउलो राज्यातली बाडी आसाद (जन्म १९६६) ही लेबनानी वंशाची. ती गिटार वाजवता वाजवता तोंडाने तालवाद्य काढते आणि वर गातेही. तिचं ऐकताना सूर सोडून द्या, तोंडातला ठेका आणि अंगठ्याचा खर्ज एकमेकांना कुठे भेटतात तेवढंच मोजा. जुआंव बोस्को (जन्म १९४६) यांचा गिटारवरचा उजवा अंगठा ऐका, आणि शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर गाणं कसं उडवतात तेही. ईशान्य ब्राझीलच्या सिअरा राज्यातल्या फाग्नेर (जन्म १९४९) यांच्या आवाजाला ताणलेली, किंचित कोरडी धार आहे, ती आपल्याला चालीच्या पहिल्या भागात हवी आहे. त्यांची गाणी उचलून वाजवायची नाहीत. कान तयार करायचा आणि चाल स्वतःची बांधायची.

ठेका : पाचवी मात्रा रिकामी

सांबापासून सुरुवात करू नका. त्याला तालवाद्यांचा ताफा लागतो आणि दोन-तीन वाद्यांवर तो पोकळ वाटतो. ईशान्य ब्राझीलचा 'बायाँव' घ्या. लुईझ गोन्झागा यांनी १९४० च्या दशकात तो देशभर पोचवला तोच मुळी तीन वाद्यांवर : अकॉर्डियन, झाबुंबा नावाचा उथळ मोठा ढोल आणि त्रिकोण. आपल्याकडे त्याला पेटी, पखवाज आणि त्रिकोण हे जवळजवळ जसंच्या तसं उत्तर आहे.

आठ मात्रा धरा, पण ४+४ अशी नाही. ३+३+२ अशी. पखवाजावर :

१ २ ३ | ४ ५ ६ | ७ ८
घे ऽ ऽ | घे ऽ ऽ | ता ऽ

'घे' डाव्या तोंडावर खुला, 'ता' उजव्यावर बंद. तोंडाने म्हणायचं तर 'मालवण, मालवण, आलं'. मा-ल-वण, मा-ल-वण, आ-लं. जोर पहिल्या 'मा'वर, दुसऱ्या 'मा'वर आणि 'आ'वर. मंडळातल्या पोरांना हे दोन मिनिटांत येतं. चुकतं ते पुढे, पेटी आणि गाणं सुरू झाल्यावर. आयुष्यभर केरवा आणि धुमाळी वाजवलेला हात पाचव्या मात्रेवर आपोआप पडतो, आणि कोरसची टाळीही तिथेच पडते. पाचवीवर ठोका पडला की बायाँव संपला, भजन सुरू झालं. भजन वाईट असतं असं नव्हे, पण ते वेगळं गाणं आहे.

उपाय असा. मेट्रोनोमचा टोला १ आणि ५ वर ठेवा, वेग ६० पासून. पाचवीचा टोला मशीनला वाजवू द्या, हाताने तिथे काही करायचं नाही. चौथीवर मारलेला 'घे' पाचवीवरून तरंगत गेला पाहिजे, म्हणून चौथीचा हात चामड्यावरून लगेच उचला. दाबून ठेवलात तर खर्ज मरतो आणि पाचवी रिकामी न वाटता नुसती तुटलेली वाटते. ६० वर दहा मिनिटं न चुकता झालं की ७६ आणि मग ९२ ते १०० वर न्या. गाण्याचा वेग तेवढाच ठेवा.

खर्जासाठी डाव्या तोंडाला थापायची कणीक नेहमीच्या भजनापेक्षा किंचित जास्त लागते, कारण झाबुंबाचा आवाज खोल असतो. पण एकदम गोळा थापू नका. नेहमीएवढी लावा, वाजवून बघा, मग सुपारीएवढी वाढवा. कणीक सैल मळलेली असेल तर घामट हवेत पसरते आणि कडेला येऊन 'घे'चा सूर फाटतो. फार घट्ट असेल तर वाळत जाऊन तासाभरात सूर चढतो. पंख्याखाली बसलात तर आणखी लवकर.

आता गंमत बघा. अरबी 'मल्फूफ' हा ठेकाही ३+३+२ च आहे : पहिलीवर 'दुम' (खर्जाचा ठोका), चौथी आणि सातवीवर 'तेक' (कडेचा टणक ठोका). दुसरा 'अय्यूब' : पहिलीवर 'दुम', चौथीवर हलका 'का', पाचवीवर पुन्हा 'दुम', सातवीवर 'तेक'. म्हणजे अय्यूबमध्ये पाचवी भरलेली आहे आणि बायाँवात रिकामी. चौथीवरचा हलका ठोका जड केला आणि पाचवी काढून टाकली की अरबी ठेका ब्राझिली होतो. गाण्याच्या सुरुवातीला अय्यूब वाजवून धृपदाला पाचवी काढून घ्या. ऐकणाऱ्याला काय बदललं ते सांगता येणार नाही, पण पाय हलायला लागतील.

घुमट आणि त्रिकोण

दरबुक्याची, म्हणजे पेल्याच्या आकाराच्या अरबी तालवाद्याची, जागा घुमट चांगली भरून काढतं. दोघांचं अंग सारखं : एका तोंडाला चामडं, दुसरं उघडं. 'दुम' मधोमध सपाट बोटांनी, 'तेक' कडेवर अनामिकेने. डाव्या तळव्याने लहान तोंड उघड-झाक केलं की खर्ज वाकतो. हे वाकणं दरबुक्यात इतकं सहज येत नाही, म्हणून ते मल्फूफच्या 'दुम'वर दर चौथ्या आवर्तनाला एकदाच वापरा. प्रत्येक दुमवर केलंत तर आरतीचा भास होतो.

घुमट विकत घेताना बकऱ्याच्या चामड्याचंच घ्या. घोरपड संरक्षित प्राणी आहे आणि तिच्या चामड्याचं वाद्य घेणं-विकणं गुन्हा आहे. बकऱ्याचं चामडं दमट हवेत लवकर सैल पडतं. ते विस्तवाच्या अंगावर न धरता हॅलोजनपासून दोन हात लांब, फिरवत फिरवत तापवा. मातीचं भांडं एका बाजूने तापलं तर गळ्याशी तडकतं.

त्रिकोणासाठी १० मिलिमीटरची गुळगुळीत लोखंडी सळी घ्या, साधारण ७० सेंटिमीटर. स्लॅबला वापरतात ती पीळदार सळई नको, तिच्यावर कांडी घासल्यासारखी वाजते. तीन बाजू जवळपास सारख्या आणि एक कोपरा बोटभर उघडा. कोपरा वेल्ड करून बंद केला तर नाद बसतो, हे वेल्डिंगवाल्याला आधीच बजावा, नाहीतर तो आपुलकीने जोडून देईल. वाद्य डाव्या तर्जनीवर टांगायचं, दोरीवर नाही, कारण उरलेली बोटं मिटून-उघडून आवाज बंद-खुला करायचा असतो. दर चार मात्रांत : बंद, बंद, खुला, बंद. खुला ठोका तिसरीवर आणि सातवीवर येतो. बंद-खुल्याच्या नादात वेग वाढत जाणं हा त्रिकोण वाजवणाऱ्याचा नेहमीचा दोष. त्याला पखवाजाशेजारी बसवा, पेटीशेजारी नको.

खंजिरी वापरायची असेल तर तिच्या चकत्या आधी शांत करा. पांदेइरोच्या, म्हणजे ब्राझिली खंजिरीच्या, चकत्या वाटीसारख्या असतात आणि कोरड्या, तोकड्या वाजतात. आपल्या खंजिरीच्या सपाट चकत्या फार वेळ किणकिणतात. प्रत्येक जोडीतल्या एका चकतीला आतून इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला की काम होतं. हाताचा क्रम अंगठा, बोटांची टोकं, तळव्याचं मूळ, पुन्हा बोटांची टोकं.

सूर : कोमल रे भैरवाचा नाही

सुरुवात 'हिजाझ' मकामाने करा (मकाम म्हणजे अरबी संगीतातला रागासारखा स्वरांचा साचा). पेटीवर तो वाजतो आणि आपल्या कानाला जवळचा आहे. सा पांढरी दोन (गिटारवाल्यांचा डी) धरून :

सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, कोमल नि

स्वर पाहून कोणीही म्हणेल की हा बसंत मुखारी. स्वर तेच आहेत, उच्चार वेगळा. आपला गायक कोमल रेवर आला की सवयीने भैरवासारखा खाली ओढतो आणि आंदोलन देतो. हिजाझमध्ये उलट आहे. कोमल रे किंचित चढा आणि ग किंचित उतरता गायला जातो, त्यामुळे दोघांमधली मोठी फट थोडी अरुंद होते. रेवर डुलायचं नाही. सरळ लागायचं, क्षणभर थांबायचं आणि सावर उतरायचं. सराव असा करा : पेटीवर फक्त सा-प धरा, रे आणि ग वाजवूच नका, आणि 'ग-रे-सा' एवढंच वीस वेळा गा. पेटीने रे-ग दाखवले की गळा त्यांच्याकडे खेचला जातो आणि फट पुन्हा रुंद होते.

सुरुवातीला 'या लैल, या ऐन' या शब्दांवर ताल सोडून गायची अरबी रीत आहे, आपल्या आलापासारखी. अर्धा मिनिट पुरे. सरगम नको आणि वेगाची तान तर नकोच. मध्यातून थेट प वर उडी न घेता एकेक स्वर चढत जा, आणि प्रत्येक वाक्य सावर आणून टेकवा.

'बयाती' मकाम मोहात पाडतो, पण पहिल्या गाण्यात त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याचा रे कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध, सापासून साधारण १४० ते १५० सेंटवर असतो (पेटीवरच्या लागोपाठच्या दोन सुरांत १०० सेंट). पेटीत तो सूरच नाही. तरी घ्यायचाच असेल तर त्या कडव्यात पेटीवाल्याने सा आणि म सोडून बोट लावायचं नाही. गिटारवर कोमल रेच्या पडद्यावर तार किंचित ढकलून तो मिळतो.

पेटीबद्दल दोन गोष्टी. गावच्या जुन्या पेट्या क्वचितच मोबाइलच्या ट्यूनरशी जुळतात. गिटार आणि पखवाज पेटीवर मिळवा, ट्यूनरवर नाही. दुसरं, अकॉर्डियनचा झटका आणायचा तर भाता पहिली आणि चौथी मात्रा धरून मारा, मधल्या मात्रांवर नुसता आधार द्या. हातपेटीवर हे छान जमतं. दशावतारातली पायपेटी दोन्ही हात मोकळे ठेवते, पण पायाने तो तुटक झटका तितका स्वच्छ येत नाही. पर्याय असेल तर हातपेटीच घ्या.

बिजागरी

गाण्याचं कडवं हिजाझमध्ये आणि धृपद ईशान्य ब्राझीलच्या सप्तकात ठेवायचं. ते सप्तक म्हणजे तीव्र म आणि कोमल नि : सा, रे, ग, तीव्र म, प, ध, कोमल नि. कर्नाटकी वाचस्पती ऐकलेल्यांना ते लगेच ओळखू येईल. आता हे सप्तक पांढरी दोनवर न मांडता एक पट्टी खाली, पांढरी एकवर मांडा. हिजाझच्या सात स्वरांतला फक्त एक बदलतो : कोमल रेचा शुद्ध रे होतो. पेटीवर हात हलवावाच लागत नाही, एक बोट काळीवरून पांढरीवर सरकतं. ही अरबी परंपरेतली रीत नाही, बसवणाऱ्याची युक्ती आहे, पण सांधा दिसत नाही.

गिटारवर कडव्याला डी-सेव्हन-फ्लॅट-नाइन हा कॉर्ड : पाचव्या तारेवर ५ वा पडदा, चौथीवर ४ था, तिसरीवर ५ वा, दुसरीवर ४ था, पहिली आणि सहावी तार बंद. याचे सगळे स्वर हिजाझमधलेच आहेत, म्हणून गायक त्यावर निर्धास्त असतो. धृपदाला सी-नाइन : पाचवीवर ३ रा, चौथीवर २ रा, तिसरीवर ३ रा, दुसरीवर ३ रा. दोघांच्या मध्ये दोन आवर्तनं जी मायनर. त्याच्या स्वरांत रे कोमल की शुद्ध हा प्रश्नच येत नाही, म्हणून तो दोन्हीकडे चालतो. अंगठा १ आणि ४ वर, बोटं ३ आणि ७ वर. बोसा नोव्हा या ब्राझिली गानशैलीतले भरगच्च कॉर्ड हिजाझखाली घालू नका, त्यांत भलतेच स्वर येतात आणि गायक मेहनतीने लावलेला रे बेसूर वाटतो. बाई गाणार असतील आणि सा पांढरी पाच हवा असेल तर पाचव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून हेच आकार वाजवा.

या सांध्यावर हमखास होणारी चूक म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू राहतो. धृपदाचा घरचा सूर पांढरी एक झालेला असतो आणि तानपुरा अजून पांढरी दोन सांगत असतो, मग धृपद अधांतरी लटकतं. जी मायनरच्या पहिल्या आवर्तनाला कोणीतरी तो बंद करायचा, आणि कोण ते आधी ठरवायचं. पेटीवाल्याने धृपदभर खालची पांढरी एक धरून ठेवावी. पखवाजाची शाई सावर मिळवलेली असली तरी 'ता' बंद असल्यामुळे खटकत नाही.

शब्द

गाणं मालवणीत किंवा मराठीत लिहा, पोर्तुगीज एखादा शब्द धृपदाला टांगा. ईशान्य ब्राझीलचे शीघ्रकवी सहा ओळींचं कडवं रचतात, ओळ सात अक्षरांची, यमक दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या ओळीला. पण पोर्तुगीजमध्ये मोजणी शेवटच्या आघातापर्यंतच होते, आणि आघात बहुधा शब्दाच्या उपान्त्य अक्षरावर असतो. म्हणजे सात मोजलेली ओळ तोंडाने म्हणताना बहुतेकदा आठ अक्षरांची भरते. आपली अष्टाक्षरी त्या मापात सरळ बसते. ओळीची सुरुवात समेवर करू नका. दुसऱ्या मात्रेपासून उचला, पहिली पखवाजाला सोडा.

उच्चार : ब्राझीलमध्ये बहुतेक ठिकाणी शब्दाच्या शेवटचा 'दे' हा 'जि' होतो आणि 'ते' हा 'चि'. हुरहुर या अर्थाचा त्यांचा लाडका शब्द 'साउदाजि' असा म्हणायचा, 'सौदादे' नाही. शब्दाच्या सुरुवातीचा र घशातून ह सारखा येतो. 'आँव' हा नाकातून, आपल्याला जड नाही. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज वळणाची बोली अजून बोलली जाते, पण ती ब्राझीलची नव्हे. तिथल्या कोणाकडून उच्चार घेऊन ब्राझिली म्हणून गाऊ नका.

रेकॉर्डिंग

मोबाइलवरच करणार असाल तर गायक फोनपासून हातभर, गिटार दोन हात, पेटी त्यामागे, पखवाज चार-पाच हात आणि डावं तोंड फोनकडे. त्रिकोण सर्वांत लांब, शक्यतो दाराबाहेरच्या पडवीत, कारण छोटा दिसला तरी तो सगळ्यांना झाकतो. पत्र्याच्या खोलीपेक्षा कौलारू बरी. संध्याकाळी समुद्राचा वारा सुटला की फोनवर पायमोजा चढवा, नवा कोरा, सुती. एक कडवं आणि एक धृपद घेऊन लगेच ऐका, आणि फक्त पाचवी मात्रा तपासा. तिथे काही वाजलं असेल तर पुढचं रेकॉर्ड करण्यात अर्थ नाही, पुन्हा ६० वर जा. उठण्याआधी पखवाजाची कणीक खरवडून ओल्या फडक्याने पुसा. रात्रभर राहिली तर उंदीर पुडी कुरतडतात आणि नवी पुडी चढवून घ्यायला आठवडा जातो.